ताईची झोप आणि भावोजींच्या चार शाखा

आमच्या भावोजींनी मुंबईत योगाच्या चार शाखा काढल्या, आणि त्या जनतेच्या आरोग्यासाठी काढल्या, असं चारही पाट्यांवर लिहिलेलं होतं. ते साफ खोटं. त्या त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीला झोप यावी म्हणून काढल्या. एका बाईला झोपवायला चार शाखा लागतात का, असं कोणी विचारेल. विचारणाऱ्याने आमचे भावोजी पाहिलेले नाहीत एवढंच मी म्हणेन.

भावोजी म्हणजे कमलाकांत अजिंक्य. आम्ही पाठारे प्रभू. तुम्ही मुंबईत कधी आलात असं आमच्या माणसाला विचारलं तर तो उलट विचारतो, मुंबई कधी आली? भावोजींचं गिरगावात तीन मजली घर होतं आणि सरकारी कचेरीत हेडक्लार्कची नोकरी. माणूस सरळ, सज्जन आणि असह्य पद्धतशीर. घरात कोणाला शिंक आली तर ती कधीपासून येते, किती वेळा येते आणि याआधी तिच्यावर काय कारवाई झाली, हे विचारल्याशिवाय ते रुमाल देत नसत.

माझी बहीण राजलक्ष्मी या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. सासरे रात्रभर खोकायचे. विधवा आत्याबाई झोपेतसुद्धा स्तोत्र पुटपुटायच्या. दोघे दीर मित्रांना घेऊन पत्ते कुटत बसायचे आणि हुकमाच्या पानावरून एकमेकांचा उद्धार करायचे. ताईला मूल नव्हतं, पण दिरांची पोरं तिच्या अंगावर लोळूनच मोठी झाली. अशा बाजारात माझी बहीण उशीला डोकं टेकलं की ढाराढूर झोपायची. तिचं घोरणं आमच्या माहेरी माहीमलाही प्रसिद्ध होतं.

मग सासरे गेले, आत्याबाई गेल्या, आणि एका उन्हाळ्यात एक दीर खारला आणि दुसरा सांताक्रूझला राहायला गेला. आमच्या ज्ञातीतल्या यच्चयावत बायका ताईचं अभिनंदन करून गेल्या. सुटलीस बाई, आता राणीसारखी राहा, म्हणाल्या. ताईने सगळ्यांना चहा दिला, आणि त्याच आठवड्यापासून तिची झोप उडाली.

पहिल्यांदा कोणी मनावर घेतलं नाही. मग ती चहात मीठ घालायला लागली. मग भाताचं पातेलं उतरवताना हात भाजला. एकदा स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती ती तशीच खाली बसली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर हृदय फार दिवस साथ देणार नाही. झोप आलीच पाहिजे. घरात पूर्ण शांतता ठेवा.

हे शेवटचं वाक्य भावोजींच्या हाती पडायला नको होतं. वरिष्ठांचा हुकूम आल्यासारखे ते कामाला लागले. लंबकाचं घड्याळ बंद केलं. दारांच्या बिजागऱ्यांना तेल पाजलं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना लोकरीचे मोजे घालून चालायची विनंती केली, आणि मोजेही स्वतः नेऊन दिले. शेवंता कोळीण दारावर यायची, तिची हाक चर्नी रोडपर्यंत जाई. तिला बजावलं की यापुढे हाक मारायची नाही. बिचारी जिन्यात उभी राहून पापलेट वर धरायची आणि ताईने खिडकीतून मान हलवली की खाली ठेवायची. शेवटी ती मला म्हणाली, "बाय, तुजे भावोजीला सांग, मी काय चोरीचा म्हावरा इकतंय काय?"

घर असं चिडीचूप झालं की मला तिथे बांगडीसुद्धा हातात दाबून धरावी लागे. आणि ताई छताकडे बघत पडून राही.

तेवढ्यात भावोजींना दत्ताराम मास्तर भेटले. हे शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर. त्यांना योग येत होता, पण शिकवायची रीत ड्रिलची. "सावधान! शवासन!" असं ते ओरडत आणि समोरचा माणूस घाबरून आडवा होई. भावोजींना हे फार पटलं. तळमजल्यावर सतरंज्या घातल्या. ताई एकटी लाजेल म्हणून शेजारपाजारच्यांना सोबतीला बोलावलं. मास्तरांचा आरडाओरडा मात्र पहिल्याच दिवशी बंद करण्यात आला. त्यांनी हुकूम कुजबुजत सोडावेत असं ठरलं. हजेरीपट आला. डोळे उघडणाऱ्याला लेट मार्क बसू लागला आणि तीन लेट मार्क झाले की एक रजा कापली जाई. रजा कसली, हे कोणी विचारलं नाही. गिरगावची माणसं नोकरदार, रजा कापली म्हटल्यावर डोळे घट्ट मिटून घ्यायची.

आणि गंमत अशी की शेजारी झोपले. पहिल्याच आठवड्यात सगळी सतरंजी घोरायला लागली. ताईही डोळे मिटून निपचित पडलेली दिसे. भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दारावर पाटी लावली, 'अजिंक्य योगमंदिर', आणि खाली 'जनतेच्या आरोग्यासाठी. निद्रानाशावर हमखास'.

मला खरं काय ते रविवारी कळलं. ताई माजघरात सोडे निवडत बसली होती. मी म्हटलं, "ताई, झोप येते म्हणे तुला?"

"कसली येते?" ती म्हणाली. "पण अगं, एवढं करतात बिचारे. डोळे मिटून पडते आणि मनातल्या मनात उद्याची आमटी करते. त्यांना सांगू नकोस हं."

मी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. एका सकाळी सगळा वर्ग गाढ झोपलेला असताना ताई शवासनात, डोळे मिटलेलेच, स्पष्ट आवाजात म्हणाली, "अहो, दूध उतू जातंय." कोणाला अजून वाससुद्धा आला नव्हता. भावोजी स्वयंपाकघरात गेले, दूध उतरवलं, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. त्यांनी फक्त निष्कर्ष काढला की गिरगावात गोंगाट फार आहे, ताईसाठी अधिक शांत जागा पाहिजे.

अशी दुसरी शाखा निघाली, दादरला. समुद्राच्या बाजूला एका मंगल कार्यालयाचा हॉल होता. लग्नसराई सोडली तर तिथे माशी हलत नसे. भावोजी ताईला रोज गिरगावाहून तिथे आडवी पडायला घेऊन जात. पण तो काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. भावोजींनी जागा पाहिली ती पावसाळ्यातल्या एका दुपारी. मोर्चे कुठून जातात याची चौकशी त्यांनी केली नव्हती, आणि ते बरोबर त्या हॉलसमोरून जात.

एक दिवस मोर्चावर लाठ्या सुरू झाल्या. माणसं पळत हॉलमध्ये घुसली, समोर सगळे पडलेले पाहिले, आणि तीही पटापट पडली. बूट, टोप्या, खांद्यावर झेंडे, सगळ्यासकट. पाठोपाठ इन्स्पेक्टर आला. पाचांहून अधिक माणसांना एकत्र जमायला बंदी होती.

"हा जमाव कसला?" त्याने दरडावलं.

"जमाव नाही," भावोजी कुजबुजले. "हे सगळे वेगवेगळे पडलेले आहेत."

"उठवा त्यांना."

"हळू बोला. योगनिद्रेतून माणूस एकदम उठवला तर त्याची जबाबदारी कोणावर? आपण लेखी द्याल?"

लेखी म्हटल्यावर इन्स्पेक्टर बिचकला. ही माणसं उठेपर्यंत मी बसतो, म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. सकाळपासून उन्हात उभा होता बिचारा. थोड्या वेळाने तो कलंडला. शिपाई बाहेर ताटकळले, मोर्चेवाले एकेक करून मागच्या दाराने निघून गेले, आणि इन्स्पेक्टर संध्याकाळी ताजातवाना होऊन उठला. पुढच्या आठवड्यात त्याने सासूबाईंचं नाव घातलं. मोर्चा जाहीर झाला की आदल्या दिवशी दादर शाखेत नाव घालायला रांग लागे. त्या वर्षांत माणसं गोळ्यांना बळी पडली, आमच्या गल्लीतही रडारड झाली, त्यामुळे या प्रकाराला हसताना मी अजून थोडी अवघडते. पण भावोजींना प्रामाणिकपणे वाटत होतं की मुंबईला योगाचं महत्त्व पटलं.

ताईने मात्र घरी येऊन मला इन्स्पेक्टरचं बोलणं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. म्हणजे झोपेच्या नावाने शून्यच.

तिसरी शाखा परळला, एका हॉस्पिटलच्या मागे. तिथे मोटारींना भोंगा वाजवायची बंदी होती. खोली अशी बंदिस्त की भिंतीपलीकडे काय चाललंय ते कळू नये. माणसं तिथेही भरपूर आली आणि यथेच्छ झोपली. ताई दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांखाली काळं झालेलं, पदर नीट नाही.

"लीला, त्या खोलीत मला माझं रक्त वाहताना ऐकू येतं गं," म्हणाली आणि रस्त्यातच रडायला लागली. मी तिला धरून बाकावर बसवलं. हातात नुसती हाडं लागत होती. मला भावोजींचा असा संताप आला की त्यांच्या साऱ्या सतरंज्या नेऊन समुद्रात टाकाव्यात.

लालबागच्या चौथ्या शाखेला निमित्त मात्र वेगळं झालं. ती भिवामुळे निघाली. भिवा मालवणकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. हे लोक गाळ्यात राहत. गाळा म्हणजे एक खोली आणि तिच्यात तीन पाळ्यांची माणसं. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच चटयांवर पडायची, आणि मध्येच कोणाला आडवं व्हावंसं वाटलं तर त्याने फूटपाथ बघावा. परळच्या शाखेची पाटी वाचून भिवा आत आला आणि भावोजींनाच मास्तर समजून म्हणाला, "मास्तरांनू, हय खराच आडवा पडूक गावता?"

"अर्थात. शवासन म्हणजेच—"

"आणि लाथ मारून कोण उठवणा नाय?"

त्याने सतरंजीवर अंग टाकलं, हातपाय चारही दिशांना पसरले आणि छताकडे बघून हसला. दुसऱ्या दिवशी अख्खा गाळा घेऊन आला. परळला जागा पुरेना म्हणून लालबागला चाळीच्या तळमजल्यावर लांबलचक वखार घेतली. तिथे आसनं वगैरे कोणी विचारत नसे. दत्ताराम मास्तरांनी एकदा सूर्यनमस्कार काढून पाहिले, तेव्हा एक कामगार अदबीने म्हणाला की आठ तास साच्यावर उभा राहून आलोय, सूर्याला माझा इथूनच नमस्कार सांगा. भावोजींच्या अहवालात मात्र लालबाग शाखेची प्रगती सर्वांत समाधानकारक होती.

आता योगमंदिराची कीर्ती आमच्या ज्ञातीत पोचली. मनमोहन विजयकर म्हणून सॉलिसिटर होते, पैशाने आणि पोटाने मोठे. त्यांनी ठरवलं की कुलाब्यापासून माहीमपर्यंत शाखाच शाखा काढायच्या आणि त्यात आपण पैसा घालायचा. कागद तयार झाले. फक्त त्यांची एक अट होती. "कमलाकांत, तुझी बायको यानेच बरी झाली ना? मग तुझ्या सगळ्यात मोठ्या शाखेत मला तिला झोपलेली दाखव. उठल्यावर मी तिला दोन प्रश्न विचारीन आणि सही करीन."

भावोजी घरी आले आणि ताईसमोर उभे राहिले. "अगं, एकदा फक्त डोळे मिटून पड," म्हणाले. "तू पडतेस तशी." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, हे त्या दिवशी दोघांनी पहिल्यांदा कबूल केलं. "या शाखा झाल्या की आपण लोणावळ्याला बंगला घेऊ. तिथे पानसुद्धा वाजत नाही. तिथे तुला नक्की झोप येईल." ताई हो म्हणाली. तिच्यात नाही म्हणायची ताकद उरली नव्हती.

ठरलेल्या दिवसाच्या तोंडावर मुंबईभर हरताळ जाहीर झाला. दुसऱ्या कोणी बेत पुढे ढकलला असता, पण भावोजींच्या डायरीत तारीख पडली होती. मनमोहन सॉलिसिटर मोटार घेऊन भल्या सकाळी आले, आम्ही रस्ते बंद व्हायच्या आत लालबागला पोचलो. भावोजींच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. गिरण्या बंद म्हणजे तिन्ही पाळ्यांची माणसं एकदम मोकळी, आणि गाळ्यात एका वेळी एकच पाळी मावते. उरलेली दोन पाळ्यांची माणसं वखारीत येऊन पडली होती. आम्हाला उंबऱ्यातून आत जायला पाय ठेवायला जागा नव्हती.

भिवाने आरडाओरडा करून कोपऱ्यात दोन चटया रिकाम्या करून दिल्या. ताई एका चटईवर पडली, मी दुसऱ्या चटईवर बसले. आमच्या ज्ञातीतली बाई गिरणीकामगारांच्या वखारीत आडवी पडली, हे सांताक्रूझच्या दिराला कळलं तर काय होईल हा विचार माझ्या मनात येऊन गेला. वखारीत नुसता कल्लोळ होता. कोणी खोकत होतं, कोणी झोपेत मुकादमाला शिव्या देत होतं, एक म्हातारा अभंग पुटपुटत होता, दारापाशी चौघे पत्त्यांवरून भांडत होते. बाहेर मोर्चाच्या घोषणा सुरू झाल्या. भावोजी रडकुंडीला आले. "शांतता! लेट मार्क! अहो, लेट मार्क!" असं कुजबुजत ते माणसांवरून उड्या मारत फिरत होते, आणि त्यांचं कोणाला ऐकूही जात नव्हतं.

मी ताईकडे बघितलं. तिचं तोंड उघडं पडलं होतं. मला वाटलं, नाटक जरा जास्तच करते आहे. मग ती घोरली.

लहानपणापासून मी त्या घोरण्याशेजारी झोपले आहे. ते कोणाला खोटं काढता येणार नाही. मी भावोजींचा सदरा ओढला. ते वाकले, त्यांनी ऐकलं, आणि तिथेच एका कामगाराच्या पायांवर मटकन बसले.

"छान," मनमोहन सॉलिसिटर घड्याळ बघत म्हणाले. "उठव आता. दोन प्रश्न विचारतो आणि निघतो."

"नाही," भावोजी म्हणाले.

"अरे, कागद आणलेत मी."

"नाही उठवणार."

सॉलिसिटर स्वतःच ताईच्या खांद्याकडे वाकले. भावोजींनी जन्मात कोणाला हात लावला नसेल. त्यांनी सॉलिसिटरांचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. त्या ओढाताणीने आजूबाजूचे जागे झाले. बाई झोपली आहे आणि मास्तर तिच्यासाठी भांडताहेत, एवढं त्यांना दिसलं. बिचारी चांगली माणसं, सगळी एकदम गप्प झाली. पत्तेवाल्यांनी पत्ते ठेवले, म्हाताऱ्याने अभंग थांबवला, मोर्चाही पुढे निघून गेला होता. भावोजींनी इतकी वर्षं मागितलेली शांतता वखारीत पसरली.

ताईचं घोरणं थांबलं. कपाळाला आठी पडली. हात चटईवर काहीतरी चाचपायला लागला.

भावोजी तिच्याकडे बघत राहिले, मग गप्प उभ्या माणसांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. आणि माझे भावोजी, ज्यांनी कोळणीला मुकं केलं, ते मोठ्याने ओरडले.

"बोला! अरे, गप्प का झालात? बोला!"

भिवा गोंधळला. "काय बोलू, मास्तरांनू? गप ऱ्हवाक तुमीच शिकवलास."

"काहीही बोल! पत्ते खेळा! भांडा! आजोबा, अभंग म्हणा! खोकणाऱ्यांनी मोकळेपणाने खोकावं!"

सुरुवातीला सगळे संकोचाने, हुकुमावरून बोलायचं तसं बोलले. एकाने पाढे म्हणायला घेतले. मग कोणीतरी खाणावळीतल्या आमटीला नावं ठेवली, दुसऱ्याने खाणावळवालीची बाजू घेतली, आणि मग खरं भांडण लागलं. म्हाताऱ्याने अभंग पुन्हा पहिल्यापासून धरला. ताईने एक सुस्कारा टाकला, कूस बदलली आणि घोरायला लागली. मनमोहन सॉलिसिटर कागद घेऊन निघून गेले, ते कधी गेले हे आम्हाला कळलंही नाही. ताई दिवेलागणीपर्यंत झोपली. भांडून भांडून माणसांचे घसे बसले तेव्हा भिवाने दुसरी पाळी आणून उभी केली.

पुढे महाराष्ट्र झाला, मोर्चे थांबले, दादरच्या हॉलमध्ये पुन्हा लग्नं लागू लागली. परळची खोली भावोजींनी सोडून दिली. गिरगावचं घर भाडेकरूंच्या ताब्यात देऊन ते आणि ताई लालबागच्या त्याच चाळीत एका खोलीत राहायला गेले, एका बाजूला गाळा, दुसऱ्या बाजूला खाणावळ. आमच्या ज्ञातीने त्यांच्याशी जवळजवळ संबंध तोडले. कमलाकांत धंद्यात बुडाला, असंच सगळे अजून म्हणतात.

मी एका रविवारी दुपारी गेले. चाळीत नळावर भांडण पेटलेलं, पोरं डबे बडवत होती, खाणावळीत ताटांचा खणखणाट. ताई उंबऱ्यातच आडवी होऊन गाढ झोपली होती. अंगावर मांस चढलं होतं, गालावर चटईचे वळ. भावोजी बाहेर गॅलरीत स्टुलावर बसले होते. डोळे लालभडक, खाली काळी वर्तुळं.

"भावोजी, तुम्ही झोपत नाही का?" मी विचारलं.

"कसा झोपणार?" भावोजी हसून म्हणाले. "इथे किती गोंगाट आहे."

मी म्हटलं मग आमच्याकडे या ना अधूनमधून, तिथे झोपा. त्यांनी उंबऱ्यातल्या ताईकडे एकदा बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. गाळ्यातली माणसं जेवायला बसल्यामुळे जरा शांत झाली होती, तर भावोजी उठले आणि बोलत राहा म्हणून त्यांना सांगायला गेले.